मोन्द्रागोन: गॅरंडच्या 28 वर्षं आधीची रायफल

हा जो धबधबा दिसतोय ना, तो ऱ्हाइन नदीवरचा, स्वित्झर्लंडमधलं नॉयहाउझेन गाव. टुरिस्ट सेल्फी काढतात नि पुढे जातात, पण याच गावात सिग नावाचा कारखाना 1853 मध्ये सुरू झाला, रेल्वेचे डबे बनवायला. नंतर बंदुका आल्या, आणि इथेच बनली ही मोन्द्रागोन रायफल.

आता नीट बघा हिच्याकडे. वरवर साधी बोल्टवालीच वाटते, म्हणजे दर गोळीनंतर बोल्ट, नळीचं मागचं तोंड बंद करणारा दांडा, हाताने ओढायला लागतो तशी, लाकडी दस्ता, लांब नळी, बाजूला बोल्टची मूठ. वर कोरलंय ते वाचा, 'फुसिल पोर्फिरियो दियास', फुसिल म्हणजे रायफल आणि दियास हे मेक्सिकोचे त्यावेळचे राष्ट्राध्यक्ष, पुढे 'सिस्तेमा मोन्द्रागोन, मोदेलो 1908'. मानुएल मोन्द्रागोन म्हणजे मेक्सिकन तोफखान्याचा माणूस, तोफाही डिझाइन केल्यात त्याने, पण आपल्याला इंटरेस्ट या रायफलमध्ये.

खरी गंमत नळीच्या खाली आहे. चाप ओढला, गोळी निघाली, तिच्यामागच्या गॅसपैकी थोडा नळीतल्या बारीक भोकातून खालच्या सिलिंडरमध्ये घुसतो, पिस्टनला मागे रेटतो, बोल्टच्या अंगावर स्क्रूसारखी तिरकी खाच आहे, ही बघा, त्यामुळे बोल्ट आधी गर्रकन फिरतो, फिरला की कुलूप सुटलं, मग मागे जातो, रिकामं काडतूस बाहेर, स्प्रिंग परत पुढे ढकलते, नवीन काडतूस आत, कुलूप बंद. हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत. म्हणून इथे स्लो मोशन लावलंय.

मुठीवरची ही छोटी कळ मला सगळ्यात आवडते. ऑटोमॅटिक काम नको असेल तर हिच्यामुळे रायफल हाताने सरळ मागेपुढे खेचूनही चालवता येते, म्हणजे नव्यावर भरवसा नसेल तर जुनं हाताशी आहेच. त्या काळच्या साहेब लोकांना पटवायचं म्हणजे असं काहीतरी ठेवावंच लागत असणार.

गॅरंड या अमेरिकन, आपोआप पुढची गोळी भरणाऱ्या रायफलचं कौतुक सगळीकडे चालतं, चालू दे, चांगलीच आहे, पण अमेरिकेने ती घेतली 1936 ला आणि मेक्सिकोने ही 1908 ला. गॅस, पिस्टन, फिरणारा बोल्ट, सगळं हिच्यात होतं. मग हिचं नाव कोण घेतं?

मेक्सिकोची सिगकडे ऑर्डर होती 4000 ची. साधारण 400 पोचल्या तोवर मेक्सिकोत क्रांती पेटली, 1911 ला दियास गेले, ऑर्डर बोंबलली, 1913 च्या बंडात मोन्द्रागोन स्वतः सामील होता, त्यात राष्ट्राध्यक्ष मादेरो मारले गेले आणि पुढे हा देशाबाहेर.

उरलेल्या रायफली सिगकडे पडून. पहिलं महायुद्ध सुरू झालं तशा जर्मनीने उचलल्या, खंदकातल्या चिखलात काही टिकेनात, कारण एवढं बारीक काम आणि त्यात माती गेली की संपलं. पण विमानात कुठला चिखल? म्हणून दिल्या वैमानिकांना, तोवर विमानांवर मशीनगन नीट बसलेल्या नव्हत्या.

आणि त्यांच्यासाठी हा डबा, 30 गोळ्यांचं ड्रम मॅगझिन. थोडा वेळ फक्त आवाज ऐका. खटक, आणि बसला जागेवर.