काळ्या घोड्याभोवती एक दिवस

[दृश्य: महात्मा गांधी मार्ग, सकाळ. दुकानांची शटर्स अजून अर्धी बंद.]

मुंबईच्या काळा घोडा चौकात तब्बल पन्नास वर्षं काळा घोडाच नव्हता. १८७९ मध्ये अल्बर्ट ससून यांनी शहराला दिलेला ब्राँझचा पुतळा, म्हणजे घोड्यावर बसलेला इंग्लंडचा युवराज एडवर्ड, १९६५ मध्ये इथून उचलून भायखळ्याच्या राणीच्या बागेत नेला. नाव मात्र इथेच राहिलं. आता दिसतो तो घोडा २०१७ चा, शिल्पकार श्रीहरी भोसले यांनी घडवलेला. त्याच्या पाठीवर कुणी नाही.

इथे एक गल्लत हमखास होते. शेजारच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं जुनं नाव प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम, म्हणून लोक घोड्यावरचा युवराज आणि संग्रहालयाचा युवराज एकच समजतात. ते बाप-लेक. पुतळा एडवर्डचा, ११ नोव्हेंबर १९०५ रोजी संग्रहालयाची कोनशिला बसवली ती त्याच्या मुलाने, पुढे पाचवा जॉर्ज झालेल्या युवराजाने.

[दृश्य: संग्रहालयाचा घुमट, बागेतून.]

निघण्यापूर्वी वार बघा. सोमवारी राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय बंद असतं, घारापुरीची लेणीही बंद असतात. दोन्ही मनात असेल तर सोमवार टाळलेलाच बरा. चर्चगेटहून चालत पंधरा मिनिटं, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून वीस-पंचवीस. भुयारी मेट्रोने आलात तर हुतात्मा चौक स्थानकावर उतरा. स्वतःची गाडी आणू नका; जागा शोधण्यात जेवढा वेळ जाईल तेवढ्यात एक दालन बघून होतं.

छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं दार सव्वादहाला उघडतं. तिकिटाच्या खिडकीवरच दोन गोष्टी विचारून घ्या: फोटोसाठी वेगळं तिकीट लागतं का, आणि मराठी ध्वनिमार्गदर्शक कुठे मिळतो. मोठी बॅग बाहेर ठेवावी लागते. फ्लॅश आणि तिपाई विसरा.

आत घाईने शिरू नका. आधी बागेतून भिंती बघा. वास्तुविशारद जॉर्ज विटेट १९०४ मध्ये मुंबईत आला, आणि १९०९ च्या स्पर्धेत या इमारतीसाठी त्याची निवड झाली. दगड इथलाच: कुर्ल्याचा करडा बसाल्ट आणि मालाडचा पिवळसर दगड. घुमट विजापुरी वळणाचा, खाली कमळाच्या पाकळ्या. इमारत १९१४ मध्ये उभी राहिली, पण पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि तिथे लष्करी रुग्णालय थाटलं गेलं. संग्रहालय म्हणून दारं उघडली ती १० जानेवारी १९२२ ला.

[दृश्य: मध्यवर्ती दालन, कॅमेरा वर जातो.]

मधल्या दालनात आलात की मान वर करा. वरचं लाकडी कोरीवकाम विटेटने मुंबईत करवून घेतलेलं नाही. नाशिकच्या एका जुन्या वाड्याचं लाकूडकाम विकत घेऊन त्याने ते इथे बसवलं. विजापूरचा घुमट, नाशिकचा वाडा, कुर्ल्याचा दगड. निम्मे लोक या दालनातून सरळ जिन्याकडे जातात आणि हे सगळं डोक्यावरून निघून जातं.

तळमजल्यावर शिल्पांचं दालन. कर्नाटकातल्या ऐहोळेच्या देवळातले तीन मोठे शिलापट शोधा: ब्रह्मा, शेषशायी विष्णू, शिव-पार्वती. ते भिंतीवरचे नव्हते, छताचे होते. भाविकाने मान वर करून पाहावेत म्हणून कोरलेले. आता ते समोर, नजरेच्या रेषेत आहेत, त्यामुळे एखादा पाय आखूड वाटतो, एखादी आकृती चौकटीत कोंबल्यासारखी दिसते. कारागीर चुकलेला नाही. आपण चुकीच्या जागी उभे आहोत. जरा खाली वाकून, वर बघत पाहा. घारापुरीहून आणलेली शिल्पंही याच मजल्यावर आहेत. पुढे बोटीने तिकडे जाणार असाल तर ती आधी नीट बघून ठेवा, म्हणजे लेण्यातला तोच दगड ओळखीचा वाटेल.

पहिल्या मजल्यावर लघुचित्रं. संग्रहालयाचं खरं धन इथे आहे. दालन अंधारं का, अशी तक्रार कानावर येते. कारण साधं आहे: कागद आणि कापड यांच्यासाठी उजेडाची सर्वसाधारण मर्यादा ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) आसपास धरतात, आणि आपल्या घरातल्या दिवाणखान्यातही त्याहून जास्त उजेड असतो. रंग एकदा विटले की परत येत नाहीत. म्हणून कागदावरची चित्रं कायम मांडून ठेवता येत नाहीत, आणि छापील पुस्तकात पाहिलेलं एखादं चित्र त्या दिवशी भिंतीवर नसेल तर रागावू नका. अकबराच्या चित्रशाळेतली 'अन्वार-इ-सुहैली'ची पोथी या संग्रहात आहे. पंचतंत्राच्या गोष्टींचा हा फारसी अवतार.

बघण्याची रीत अशी. बाहेरच्या उन्हातून थेट इथे येऊ नका. आधी शिल्पं बघितली असली की डोळे निवलेले असतात. मग दोन मिनिटं काहीही न वाचता उभे राहा. काचेत स्वतःचाच पांढरा शर्ट दिसत असेल तर अर्धं पाऊल बाजूला सरका. गडद कपडे घालून आलात तर हा त्रासच होत नाही. ही चित्रं भिंतीसाठी नव्हती, हातात धरून बघायची होती, त्यामुळे वीतभर अंतरावर जायला हवं. दहा-बाराच निवडा. चाळीस चित्रांनंतर सगळे हाशिये सारखेच दिसू लागतात.

वरच्या मजल्यावर टाटा बंधूंच्या संग्रहातली युरोपीय चित्रं आणि शस्त्रांचं दालन. अकबराचं चिलखत तिथेच. मुलं बरोबर असतील तर प्राणी-पक्ष्यांचं दालन आणि आवारातलं मुलांचं संग्रहालय आधी करा, नाहीतर बाकी काहीच बघू देणार नाहीत. एकूण अडीच ते तीन तास धरा.

[दृश्य: रीगल चौक ओलांडताना.]

फाटकाबाहेर, चौकापलीकडे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय. ही इमारतही विटेटचीच. १९११ मधला सर कावसजी जहांगीर सभागृह. इथे मैफली झाल्या, सभा झाल्या. १९९६ मध्ये आतलं पोट बदलून चित्रदालनं केली. बाहेरून जुनी वास्तू, आत वळत जाणारा जिना आणि एकावर एक अर्धगोल सज्जे. एकेक मजला चढत वरच्या घुमटापर्यंत जा. प्रत्येक वळणावर मागे वळून खालच्या मजल्यावरची चित्रं पुन्हा बघा. मोठी कॅनव्हास वरूनच पूर्ण दिसतात. बाहेर आल्यावर शेजारची विज्ञान संस्था बघा, तीही त्याच माणसाची. आणि समोर १९३३ मधलं रीगल चित्रपटगृह, पूर्ण वेगळ्या काळाचं, आर्ट डेको नावाच्या सरळ, भौमितिक रेषांच्या शैलीचं. १९व्या शतकातल्या गॉथिक आणि विसाव्यातल्या आर्ट डेको इमारतींचा मुंबईतला समूह २०१८ मध्ये जागतिक वारसा यादीत गेला. त्यात ९४ इमारती आहेत.

दुपारी जहांगीर कलादालन. १९५२ पासूनचं, प्रवेश विनामूल्य. प्रदर्शनं सहसा मंगळवारी लागतात आणि सोमवारी उतरतात, त्यामुळे मंगळवारी सकाळी गेलात तर कुठे खिळे ठोकणं चालू असतं, कुठे चित्रकार शिडीवर. त्यातही मजा आहे, पण शांतपणे बघायचं तर बुधवार-गुरुवार. चित्रकार बहुधा तिथेच खुर्चीत बसलेला असतो. किंमत विचारायला लाजू नका, टेबलावर यादी असते. चित्राखाली लाल टिकली म्हणजे ते विकलं गेलं. आतलं समोवार उपाहारगृह २०१५ मध्ये बंद झालं. जुने लोक अजूनही त्या दिशेने नजर टाकतात.

[दृश्य: फुटपाथवरची चित्रं, जवळून.]

बाहेर फुटपाथवरही चित्रं मांडलेली असतात, आणि विकत घेणारे बहुतेक इथेच फसतात. चित्र हाताने काढलेलं की छापलेलं, हे मोबाइलचा कॅमेरा पूर्ण झूम करून बघा: बारीक ठिपक्यांची जाळी दिसली तर छपाई. तिरप्या उजेडात धरलं की ब्रशचे उंचवटे कळतात, पण छापील कॅनव्हासवरही वरून पारदर्शक थर फिरवून खोटे उंचवटे आणता येतात, म्हणून दोन्ही तपासा. छपाई घेण्यात वावगं काही नाही, फक्त मूळ चित्राचे पैसे देऊ नका.

कॅनव्हास गुंडाळताना रंगाची बाजू बाहेर ठेवा. आत ठेवली तर रंगाचा थर दाबला जातो आणि सुरकुत्या पडतात. नळी रुंद हवी. तैलचित्र ताजं असेल तर वरून कोरडं वाटलं तरी आतून कित्येक महिने ओलसर असतं. त्याला बुडबुड्यांचं प्लास्टिक थेट लावलं की गोल ठसे उमटतात. आधी बटर पेपर. पावसाळ्यात कागदावरचं काम घेतलं तर पाठीला जाड पुठ्ठा आणि बाहेरून प्लास्टिक, पण घरी पोचताच प्लास्टिक काढून टाका, नाहीतर आतल्या दमटपणाने बुरशी धरते.

समोरच्या फुटपाथला एका रांगेत एल्फिन्स्टन महाविद्यालय, डेव्हिड ससून ग्रंथालय आणि एस्प्लनेड मॅन्शन. ग्रंथालय १८७० चं, मालाडच्याच दगडाचं. आत सभासद वाचत बसलेले असतात, म्हणून दारात विचारून मगच पाऊल टाका. एस्प्लनेड मॅन्शन म्हणजे पूर्वीचं वॉटसन हॉटेल, इंग्लंडहून आणलेल्या बिडाच्या सांगाड्यावर उभं. ७ जुलै १८९६ रोजी फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंचे चलत्‌पट इथे दाखवले गेले. भारतातला तो पहिला खेळ. मागच्या गल्लीत १८८४ मधलं निळं-पांढरं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ आहे. तिथे जायचं तर छायाचित्र असलेलं ओळखपत्र जवळ ठेवा.

जानेवारीच्या उत्तरार्धात किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला काळा घोडा कला महोत्सव असतो, १९९९ पासून. रस्ता माणसांनी भरून जातो. महोत्सवासाठी या, पण त्याच फेरीत संग्रहालय उरकू म्हणाल तर दोन्ही हातचं जाईल.

[दृश्य: गेटवे ऑफ इंडिया, संध्याकाळ.]

चारच्या पुढे गेटवेकडे चाला, दहा मिनिटं. तोही विटेटचा, १९२४ मध्ये पुरा झालेला. समुद्राकडची बाजू पूर्वेला, तिच्यावर ऊन पडतं ते सकाळी. संध्याकाळी फोटो काढायचा तर समुद्राकडे पाठ करून उभं राहू नका. शहराकडच्या बाजूला थांबा. मागून येणाऱ्या उन्हात त्या पिवळ्या दगडातली प्रत्येक जाळी वेगळी दिसते, साधारण अर्धा तास. बॅग तपासणीची रांग धरून थोडं आधी पोचा.