जरा पुढे जाऊन येते

श्रोतेहो, नमस्कार.

माझी आई पंचवटीतून भांडी बाजारात जायची ती होळकर पूल ओलांडून, पायी. शाळेला सुट्टी असली की मीही बरोबर असायचे. एकदा एक पितळी पातेलं तिच्या डोळ्यांत भरलं. तिने ते बोटाच्या पेराने वाजवून पाहिलं, काठ चाचपला, तळ उजेडाकडे धरला. दुकानदाराने वजन केलं, भाव सांगितला, थोडी घासाघीसही झाली. आणि मग आई म्हणाली, "जरा पुढे जाऊन येते."

आम्ही गेलो ते थेट घरीच. पुलाच्या मध्यावर आल्यावर ती आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाली, "तशी दोन आहेत घरात. गौरी-गणपतीला बघू." महिन्याभराने आम्ही पुन्हा गेलो आणि त्या वेळी तिने ते पातेलं घेतलं. दिवाळीचा चिवडा मी आजही त्यातच कालवते.

"जरा पुढे जाऊन येते" हे वाक्य नाशिकच्या प्रत्येक दुकानदाराने ऐकलं असेल. गिऱ्हाईक बहुतेक परत येत नाही हे त्यालाही ठाऊक असतं. मोह तेव्हाही व्हायचा. मेन रोडच्या कापड दुकानांत शिरलेल्या बाईला मोह होत नव्हता असं कोण म्हणेल? पण मोह आणि खरेदी यांच्यामध्ये रस्ता होता, ऊन होतं, दुखणारे पाय होते. फोनवरच्या दुकानाने नेमका तो रस्ताच काढून टाकला. एका बटणात खरेदी उरकण्याच्या युक्तीचं पेटंट अ‍ॅमेझॉनला अमेरिकेत १९९९ साली मिळालं आणि ते २०१७ पर्यंत टिकलं. गिऱ्हाइकाची एक पायरी कमी करण्याला व्यापारात केवढी किंमत आहे, ते यावरून कळावं.

मागच्या वर्षीची गोष्ट. रात्रीचे साडेअकरा वाजलेले, घरातले सगळे झोपलेले. मी फोन घेऊन पडले होते आणि समोर आलं कांदा चिरायचं यंत्र. ९९९ वर काट मारलेली, शेजारी ठळक अक्षरांत ३४९. खाली लाल आकड्यांचं घड्याळ उलटं पळत होतं आणि त्याखाली ओळ होती, 'फक्त २ शिल्लक'. छाती खरंच धडधडली हो. कार्ड आधीपासून साठवलेलंच होतं, अंगठा टेकवला आणि झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी सहज तेच पान उघडलं, तर घड्याळ पुन्हा पहिल्यापासून पळत होतं आणि वस्तू अजूनही दोनच शिल्लक होत्या.

मला राग आला तो पैशांपेक्षा त्या घड्याळाचा. कारण हे फसवणं आहे आणि आपल्याकडे त्याला कायद्याने नाव दिलेलं आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी मार्गदर्शक तत्त्वं काढून अशा तेरा क्लृप्त्यांना मनाई केली. खोटी घाई लावणं ही त्यातली एक. आपण न मागितलेली वस्तू किंवा देणगी गुपचूप बिलात घालणं ही दुसरी. विमा नको म्हणायचा असेल तर 'मी असुरक्षित राहीन' अशा वाक्यावर बोट ठेवायला लावणं, म्हणजे माणसाला शरमिंदं करून पैसे काढणं, हेही त्यात आहे. असं काही दिसलं तर पडद्याचा फोटो काढून ठेवा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर फोन करा.

पण सगळा दोष घड्याळाचा नाही.

इंदिरानगरला आमच्याच इमारतीत एक काकू राहतात. मुलगा पुण्याला, मुलगी परदेशात, यजमान जाऊन चार वर्षं झाली. परवा त्यांच्याकडे गादी हलवायला हात लावला, तर दिवाणाखाली खोकीच खोकी. कित्येकांची चिकटपट्टीसुद्धा काढलेली नव्हती. मी काही विचारायच्या आत त्याच म्हणाल्या, "पार्सल आणणारा मुलगा वर येतो गं. काकू म्हणतो, ओटीपी विचारतो, पाणी पितो. दिवसात तेवढीच बेल वाजते."

मला पुढे बोलवेना. हात आवरा, हिशेब ठेवा असं त्यांना कोणत्या तोंडाने सांगायचं? रात्री साडेअकराला मी तरी कांदा चिरायचा म्हणून कुठे फोन उघडला होता? दिवसभर सगळ्यांचं करून झाल्यावर आपल्यासाठीही काहीतरी यावं, एवढंच मनात होतं. तुमच्यापैकी कितीतरी जणींना हे कळेल, म्हणून आज मोकळेपणाने सांगते आहे.

त्यानंतर मी फोनमधलं साठवलेलं कार्ड काढून टाकलं. आता काही घ्यायचं तर उठून दिवा लावायचा, पर्स काढायची, चष्मा शोधायचा आणि सोळा आकडे एकेक करून टाकायचे. तेवढ्यात पूल ओलांडून होतो. ऑफरचे निरोप वाजायचेही बंद केले. आणि जे घ्यावंसं वाटेल ते कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीने लिहून ठेवते, किमतीसकट. बुधवारपर्यंत ते तिथेच राहतं. घरपोच पाठवणं फुकट व्हावं म्हणून चाळीस रुपयांसाठी दीडशेची वस्तू टोपलीत टाकायची सवय होती ना, ती अशा लिहिण्यानेच सुटली. आकडे शेजारी शेजारी दिसले की हात आपोआप थांबतो.

बुधवारच का? तर बुधवारी गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीच्या घाटावर, बाजार भरतो. गेले दोन महिने काकूंना घेऊन मी तिथे जाते. पहिल्या दिवशी त्या नुसत्या माझा दंड धरून चालत होत्या. गेल्या बुधवारी मात्र मेथीच्या जुडीवरून एका बाईशी त्यांनी चांगली दहा मिनिटं घासाघीस केली. तिची सून कुठली, यंदा त्यांच्याकडे पाऊस कसा, सगळं विचारून झालं, आणि जुडी हातात घेऊन परत खाली ठेवत म्हणाल्या, "थांब, जरा पुढे जाऊन येते."

परत येऊन घेतलीही.

माझ्या कॅलेंडरमागे सध्या दोनच गोष्टी लिहिलेल्या आहेत, एक पायपुसणं आणि एक निळी ओढणी. उद्या बुधवार. साडेचारला काकू खाली फाटकापाशी थांबणार आहेत.

नमस्कार.