समुद्रात सुरू झालेली गोष्ट

(दृश्य : गोव्यातला मिरामारचा किनारा, सकाळ)

मांडवी इथे समुद्राला मिळते. पलीकडे आग्वादचा किल्ला, आणि अलीकडे कंबरभर पाण्यात गप्पा मारत उभी असलेली माणसं. अशाच गप्पांनी एका शास्त्रज्ञाच्या आयुष्याची दिशा ठरवली.

ऑक्टोबर १९७९. पोर्तो रिकोतल्या सान हुआनमध्ये संगणकशास्त्राची परिषद भरली होती. जील ब्रासार, वय चोवीस, गुप्तलेखनात नुकतीच पीएच.डी. झालेली. ते हॉटेलसमोरच्या समुद्रात पोहत होते. एक अनोळखी गृहस्थ पोहत जवळ आले आणि थेट नोटांविषयी बोलू लागले. कुणालाच नक्कल करता येणार नाही अशा नोटा! कल्पना स्टीफन वीझनर यांची, सांगणारे आयबीएमचे चार्ल्स बेनेट. त्या पाण्यातच दोघांची जोडी जमली. त्यातूनच पुढे निघाली संदेश कुलूपबंद करणारी किल्ली, म्हणजे गुप्त आकड्यांची माळ, प्रकाशातून पाठवायची पद्धत.

(दृश्य : काळोखात प्रकाशाचा बारीक झोत)

प्रकाशाचा एकेक कण म्हणजे फोटॉन. त्यावर शून्य किंवा एक लिहायचा, तो दोन तऱ्हांनी : उभा-आडवा, नाहीतर तिरपा. तऱ्हा ठाऊक नसताना वाचायला गेलं की मजकूर बिघडतो. चोराने वाटेत प्रत्येक कण वाचून पुढे धाडला, तर ज्या कणांसाठी दोन्ही टोकांनी एकच तऱ्हा वापरली, त्यांतही सरासरी चारातला एक आकडा चुकतो. थोडे आकडे ताडून पाहिले की चोरी उघड!

ही पद्धत ‘बीबी८४’ : बेनेट, ब्रासार आणि १९८४. ती जगापुढे आली कुठे? डिसेंबर १९८४ मध्ये, बेंगळुरूच्या परिषदेत. पणजीहून रात्रीची बस धरली तर सकाळी पोचतो, त्या बेंगळुरूत. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता.

१९८९ मध्ये या पद्धतीने किल्ली पाठवणारं उपकरण चाललं. अंतर जेमतेम ३२ सेंटिमीटर, शाळेतल्या पट्टीहून जरासं जास्त.

पुढची अडचण अंतराचीच. फायबरमध्ये कण वाटेत हरवतात. नेहमीचा सिग्नल मध्येच वाढवता येतो, पण या कणाची नक्कलच होत नाही, मग वाढवणार काय? १९९३ मध्ये ब्रासार, बेनेट आणि आणखी चौघांनी टेलिपोर्टेशनची कल्पना मांडली : एकमेकांत गुंतलेल्या कणांच्या आधारे एकीकडची अवस्था दुसरीकडे उमटवायची. लांबवर पसरणारी क्वांटम, म्हणजे अशा एकेका कणावर चालणारी, जाळी याच वाटेने उभी करायची धडपड आज चालू आहे.

२०१८ मध्ये ब्रासार आणि बेनेट यांना भौतिकशास्त्राचं वुल्फ पारितोषिक मिळालं.

(दृश्य : नकाशावर सरकत जाणारी प्रकाशरेषा)

आणि २०२२ मध्ये डीआरडीओ आणि आयआयटी दिल्लीच्या चमूने प्रयागराज ते विंध्याचल, १०० किलोमीटरहून अधिक अंतरावर, आधीच टाकलेल्या फायबरमधून अशी क्वांटम किल्ली पोचवून दाखवली.