नाही म्हणणारं गाव

मंडळी, आजचा विषय जाहीर झाल्यावर दांडिया बाजारात एक परिचित भेटले. म्हणाले, "मालवणवर बोलताय ना? मग चांगल्या हॉटेलांची यादी आणा बरोबर." यादी आणलेली नाही. दिवाळीच्या सुट्टीत अर्धं बडोदं फरायला निघतं, त्यामुळे ती तुम्हा सगळ्यांच्या मोबाइलमध्ये असणारच.

आमचं घराणं मूळचं मालवणकडचं. पणजोबा गायकवाडी नोकरीसाठी इकडे आले आणि चार पिढ्यांत आमची मालवणी सोलकढीपुरती उरली. शेजारच्या बेन डाळीत कोकम टाकतात, त्याला आजी 'सोलां' म्हणायची, एवढाच काय तो समुद्र आमच्या घरात शिल्लक. त्यामुळे मी पहिल्यांदा मालवणला गेले ती पर्यटक म्हणूनच. डोक्यावर टोपी, गळ्यात कॅमेरा.

सकाळी किनाऱ्यावर रापण चालली होती. रापण म्हणजे काय, तर दोराचं एक टोक किनाऱ्यावर ठेवून होडी आत जाते, अर्धगोल फिरत जाळं सोडते आणि दुसरं टोक लांबवर पुन्हा किनाऱ्याला आणून देते. मग दोन रांगा दोन टोकांना लागतात आणि ओढत ओढत एकमेकींच्या जवळ सरकत येतात. इंजिन नाही, काही नाही. मी फोटो काढत होते. टोपली घेऊन उभ्या असलेल्या एक आजी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "फोटो कसले काढतंस गो, हात लाव!" लावला. वाळूत टाचा रोवून, मागे झुकून ओढायचं असतं, हे पाच मिनिटांत कळलं. तळहात सोलवटले ते नंतर कळलं. जाळं वर आलं, वाटे पडले: जाळ्याचा, होडीचा, ओढणाऱ्यांचा. मी निघाले तर त्याच आजींनी हाक मारून माझ्या रुमालात दोन बांगडे आणि मूठभर पेडवे टाकले. मी पैसे काढले, तेव्हा त्या चक्क रागावल्या. हात लावलेल्याचा वाटा असतो, त्याचे पैसे कसले घ्यायचे!

तेव्हापासून मालवणविषयी काही वाचलं की मी एकच गोष्ट शोधते. हे गाव केव्हा, कुणाला आणि कशासाठी 'नाही' म्हणतं? 'हो' काय, प्रत्येक पर्यटनस्थळ म्हणतं. सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा जाहीर झाला, पुढच्याच वर्षी कोकण रेल्वे पूर्ण धावू लागली, आणि मग 'हो, या, राहा, जेवा' हे ओघानं आलंच. घराघरांवर निवास-न्याहारीच्या पाट्या लागल्या. ते वाईट आहे असं मी म्हणणार नाही. मुंबईला गिरणीत किंवा बोटीवर जाणारा मुलगा त्यामुळे घरी राहिला.

आता पहिला नकार. १९८७ साली सरकारनं मालवणच्या समुद्रातला सुमारे २९ चौरस किलोमीटरचा पट्टा सागरी अभयारण्य म्हणून जाहीर केला. पाण्याखालचे खडक, प्रवाळ, त्यांच्या आधारानं वाढणारी मासळी, हे सगळं राखण्याजोगंच आहे, त्यात वाद नाही. पण मच्छीमारांनी विरोध केला आणि तो पिढीभर टिकला. बाहेरून पाहणाऱ्यानं सरळ निकाल दिला की या लोकांना निसर्गाचं काही पडलेलं नाही. मीही तेव्हा तसंच समजत होते, कबूल करते.

मग आली पर्ससीन जाळी. मासळीच्या कळपाभोवती जाळं टाकून त्याचा तळ पिशवीच्या नाडीसारखा आवळायचा, की अख्खा कळप आत. त्यात एलईडीचे झगझगीत दिवे लावले तर मासळी आपण होऊन गोळा होते. रापणीला मासळी किनाऱ्याजवळ यावी लागते. ती खोल पाण्यातच उचलली गेली तर दोर ओढून काय येणार? चोथा. इथे मालवणचा गाबीत मच्छीमार रस्त्यावर उतरला, समुद्रातही उतरला, अटकाही सोसल्या. २०१६ साली राज्य सरकारनं पर्ससीनचे परवाने कमी करायचं ठरवलं आणि हंगाम सप्टेंबर ते डिसेंबर एवढाच ठेवला. पुढच्या वर्षी केंद्रानं एलईडी मासेमारीवर बंदी घातली. २०२१ साली राज्यानं कायदा बदलून दंड लाखांत नेला. बंदी पुरती पाळली जाते असं कुणीही सांगणार नाही; रात्री क्षितिजावर दिवे दिसतात ते दिसतातच. पण लक्षात घ्या, अभयारण्याला विरोध करणारे आणि समुद्र वाचवायला भांडणारे लोक एकच आहेत. पहिल्या वेळी त्यांना कुणी विचारलं नव्हतं, एवढाच फरक.

सिंधुदुर्ग किल्ल्याबद्दल थोडक्यात, कारण ते तुम्ही शाळेत शिकलात. १६६४ साली कुरटे बेटावर बांधकाम सुरू झालं, वगैरे. मला त्यातलं शिवराजेश्वराचं मंदिर महत्त्वाचं वाटतं. तिथल्या मूर्तीला दाढी नाही आणि डोक्यावर आपल्या ओळखीचा जिरेटोपही नाही. टोपी आहे ती दर्यावर्दी माणसाची. राजाला देव केलं तेही आपल्यातला नाखवा करून! नारळी पौर्णिमेला याच बंदरावर समुद्राला नारळ देतात आणि मग माणसं नारळ लढवतात. एकाच्या हातातल्या नारळावर दुसऱ्यानं आपला आपटायचा, ज्याचा फुटला तो हरला. गर्दी तोबा असते आणि त्या गर्दीत आपण पाहुणे आहोत की नाही याची कुणाला पडलेली नसते.

आता जरा कडू. किल्ल्याजवळ पाण्यात बुडी मारायला नेतात. तो धंदा करणारी मुलं मच्छीमारांचीच आहेत, खडक न् खडक ओळखतात. पण पर्यटकाला फोटोत मासे हवे असतात, म्हणून पावाचे तुकडे टाकले जातात. दमलेला पर्यटक पाय टेकतो तो थेट प्रवाळावर. प्रवाळ हा जिवंत प्राणी आहे, दगड नव्हे, आणि तो वाढतो अगदी सावकाश. मी एका मुलाला विचारलं, तू त्यांना अडवत का नाहीस? म्हणाला, "अडवलं तर शेजारच्या होडीत जातील." इथे मात्र गावाला अजून एकमुखानं नाही म्हणता आलेलं नाही.

आपण हसायचं कारण नाही. आपल्या बडोद्यातल्या विश्वामित्री नदीत शेकड्यांनी मगरी आहेत. काळ्या घोड्याच्या पुलावरून जाताना आपण स्कूटर थांबवून बघतो. २०२४च्या ऑगस्टमधल्या पुरात त्या सोसायट्यांच्या आवारात आल्या, तेव्हा आपली माणसं त्यांना धरून सोडूनही आली. भर वस्तीत मगरीबरोबर राहणारं शहर म्हणून उद्या कुणी आपली जाहिरात केली आणि बसभर लोक आणले, तर नदीकाठी कुठवर जायचं हे कोण सांगणार? तुम्ही की मी?

मालवणला वर्षातले दोन महिने तरी हा प्रश्न पडत नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद. होड्या वर ओढून झावळ्यांनी शाकारलेल्या, किल्ल्याची वाहतूक बंद, हॉटेलं सुस्त. मी एकदा मुद्दाम जुलैत गेले होते. खानावळीत सुकट आणि शेवग्याचा पाला. तक्रार केली, तर मालक शांतपणे म्हणाले, "समुद्र बाळंतपणाक गेलो हा."

तालुक्यातलं आचरे गाव तर याच्याही पुढचं. तिथे दर काही वर्षांनी रामेश्वराचा कौल घेऊन गावपळण होते. तीन दिवस, तीन रात्री अख्खा गाव घरांना कुलपं लावून वेशीबाहेर झोपड्यांत राहतो, गुरं, कुत्री, कोंबड्यांसकट. एका साली मला ते बघायचं होतं, म्हणून तिथल्या एका घरगुती निवासाला फोन केला. तारखा सांगितल्या, चौघांसाठी खोली हवी म्हटलं, आगाऊ पैसे पाठवते म्हटलं. पलीकडच्या बाई आधी खूप हसल्या.

"अवो, त्या दिवसांत आमीच घरात नसतलव. तुमका खंय ठेवू?"