‘निरंक’ लिहिण्याआधी

(अंबाजोगाई येथे एका निवृत्त वैद्यकीय अधिकाऱ्याने दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, सरकारी दवाखान्यात नोकरी केलेल्या माणसाला ‘एलएक्यू’ म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. मुंबईत किंवा नागपुरात अधिवेशन सुरू झालं की तालुक्याहून फोन येतो, ‘एलएक्यू आलाय, संध्याकाळपर्यंत माहिती पाठवा.’ एलएक्यू म्हणजे विधिमंडळातला प्रश्न; कुणा सदस्यानं तो सभागृहात टाकलेला असतो आणि मंत्र्यांना द्यायचं उत्तर आमच्या रजिस्टरातून निघायचं असतं. एरवी धूळ खात पडलेली रजिस्टरं त्या दिवशी टेबलावर येतात. आणि ज्याची मोजदादच कधी झाली नाही, त्या रकान्यात आम्ही एक शब्द लिहितो : निरंक. वाचणाऱ्याला वाटतं, तिथं काही घडलं नाही. खरं तर कुणी पाहिलेलं नसतं. मी स्वतः हा शब्द लिहून सह्या केल्या आहेत. आज तुमच्यापुढं उभा राहिलो तो त्या सह्यांमुळं.

ऊसतोडीच्या हंगामानंतर टोळ्या गावी परतल्या की ओपीडीत बाया येत. तिशीही न ओलांडलेल्या. कंबर धरलेली, अंगाला घाम. विचारलं की सांगायच्या, ‘पिशवी काढलीय ना सायेब. राहू दिली तर कॅन्सर व्हईल म्हणले डॉक्टर, मंग काढली.’ फडात पाळीच्या दिवसांत ना पाणी, ना आडोसा. एक दिवस घरी बसलं तर खाडा, आणि खाड्याचे पैसे उचलीतून, म्हणजे आगाऊ घेतलेल्या मजुरीतून, कापले जाणार. दोन लेकरं झालेली. मग पिशवी, म्हणजे गर्भाशय, काढून टाकणं तिला शहाणपणाचं वाटायचं, आणि ते तसं वाटावं अशीच तिच्या भोवतीची सगळी मांडणी होती. मी गोळ्या लिहून दिल्या. ही गोष्ट कुठल्या रकान्यात भरायची, ते माझ्याजवळच्या एकाही नमुन्यात नव्हतं.

कायदा नव्हता असं नाही. खासगी रुग्णालयांच्या नोंदणीचा राज्याचा कायदा १९४९ चा आहे. त्यात नोंदणी आहे, तपासणीचे अधिकार आहेत. केंद्रानं २०१० मध्ये वैद्यकीय आस्थापनांचा कायदा केला, पण आरोग्य हा राज्याचा विषय, आणि महाराष्ट्रानं तो स्वीकारला नाही. गर्भलिंग निदानाविरुद्ध तर देशातला पहिला कायदा आपल्याच राज्यानं केला, १९८८ मध्ये. केंद्राचा त्यानंतर, १९९४ मध्ये आला. तरी २००१ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे ८९४ मुली होत्या, त्या २०११ मध्ये ८०७ वर आल्या. गरोदर बाईच्या सोनोग्राफीची नोंद करायचे ‘एफ’ फॉर्म भरले जात होते, गठ्ठे बांधून रचले जात होते. त्यातलं काय कुणी वाचलं, हे विचारणारं वर कुणी नव्हतं.

पिशवीचं प्रकरण २०१९ मध्ये बाहेर आलं ते महिला कार्यकर्त्यांमुळं आणि बातम्यांमुळं. जूनमध्ये विधान परिषदेत नीलम गोऱ्हे यांनी ते मांडलं. तेव्हाचे आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी उत्तर दिलं, की बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ९९ खासगी रुग्णालयांत ४,६०५ गर्भाशयं काढली गेली. हा आकडा सभागृहाच्या कामकाजात नोंदला गेला, म्हणून तो पुसता येत नाही. वर्तमानपत्र रद्दीत जातं. पुढं गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती झाली. पाहणीतल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. सहा बायांमागं एक. मी ज्या रकान्यात निरंक लिहीत होतो, त्या रकान्यात ह्या बाया होत्या.

दिल्लीतही असंच आहे. १९९३ पासून संसदेत खात्यांच्या स्थायी समित्या आहेत. आरोग्याच्या समितीनं २०१२ मध्ये औषध नियंत्रकांच्या फायली काढून पाहिल्या, तेव्हा जानेवारी २००८ ते ऑक्टोबर २०१० या काळात ३१ औषधांना भारतीय रुग्णांवर चाचण्या न करताच मंजुरी मिळाल्याचं दिसलं. सरकारला तज्ज्ञ समिती नेमावी लागली. सत्ताधारी आणि विरोधक एका टेबलाशी बसून कागद वाचतात, तेव्हा हे होतं.

एक गोष्ट मराठवाड्याची म्हणून सांगतो. साथरोगाचा १८९७ चा कायदा मुंबईच्या प्लेगच्या धास्तीत झाला. चार कलमांचा, आणि त्यातलं चौथं अधिकाऱ्यांना दाव्यांपासून संरक्षण देणारं. काढलेले हुकूम कायदेमंडळापुढं ठेवा, असं त्यात कुठं म्हटलेलं नाही. त्या केंद्रीय कायद्याच्या पहिल्याच कलमात ‘भाग ब’ राज्यांचा, म्हणजे पूर्वीच्या संस्थानांचा, प्रदेश वगळलेला होता, म्हणजे हैदराबाद, म्हणजे आपण. ते शब्द निघाले २०२० च्या दुरुस्तीनं, आरोग्यसेवकांवरच्या हल्ल्यांना शिक्षा ठरवणाऱ्या. ही दुरुस्ती त्या सप्टेंबरात दोन्ही सभागृहांत मंजूर झाली, आणि त्या अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तासच नव्हता. लेखी उत्तरं मिळत होती, पण उभं राहून उपप्रश्न विचारायची सोय नव्हती. साथ ऐन भरात असताना! मला हे फार लागलं. आरोग्यसेवकांवर हात टाकणाऱ्याला शिक्षा हवीच, मी स्वतः दगड झेललेले आहेत. पण त्याच कायद्यात हुकूम सभागृहापुढं ठेवण्याचं एक कलम घालता आलं असतं.

आता आपल्या हातातलं. बीडमध्ये गर्भाशय काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची झाली. किती अर्ज आले, किती नाकारले? टोळी कर्नाटकात किंवा पश्चिम महाराष्ट्रात असताना झालेलं ऑपरेशन कुठल्या जिल्ह्याच्या रजिस्टरात चढतं? मंत्र्यानं सभागृहात दिलेला शब्द आश्वासन समितीपुढं जातो. त्या यादीत हा विषय आज कुठं आहे? हे तीन प्रश्न एका पानावर लिहून आणले आहेत, बाहेरच्या टेबलावर प्रती आहेत. आमदार सभामंडप मागायला आलेल्यांना ओळखतात. हे पान घेऊन जाणाऱ्यांनाही ओळखू द्या. देताना पोच घ्या आणि तीवर तारीख घालून घ्या.