मडकं वाजवून घ्यावं

(माठावर बोटाचं पेर मारल्याचा आवाज.)

नमस्कार, श्रोतेहो. ऐकलंत? आता हा दुसरा.

(दुसऱ्या माठाचा आवाज.)

पहिला खणखणीत वाजला, दुसरा बद्द. दिसायला दोघे जुळे भाऊ. हा दुसरा मी गेल्या उन्हाळ्यात निव्वळ रंगावर भाळून घेतला. रात्री भरून ठेवला आणि सकाळी ओट्यावर तळं! परत घेऊन गेलो, तर विकणाऱ्या मावशींनी एवढंच विचारलं, "वाजवून नव्हता का घेतला?" त्यांनी माठ गळ्याला धरून अधांतरी उचलला, मधल्या बोटाचं पेर मारलं, मान कलती केली. "आतून तडकलाय. ह्यात तुळस लावा." नवा दिला तो स्वतः वाजवून.

आपल्या मुलखात मडक्याची पारख कानानं करतात, आणि ही सवय बरीच जुनी असावी. संगमनेरजवळ प्रवरेच्या काठी जोर्वे नावाचं गाव आहे. १९५०-५१ साली ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी तिथं उत्खनन केलं. तांबूस-केशरी अंगावर काळ्या रेघांची नक्षी, लांब तोटीची भांडी, पोटाशी कोन काढलेले वाडगे, असं बरंच काही निघालं. पुढे दख्खनमध्ये जिथं जिथं तशी खापरं सापडली, तिथं त्यांना 'जोर्वे' हेच नाव पडलं. काळ साधारण इसवी सनापूर्वी १४०० ते ७००. या खापरांचं वर्णन करताना पुरातत्त्वज्ञ हमखास एक गोष्ट नोंदवतात: टिचकी मारली की धातूसारखी वाजतात. म्हणजे मावशींची परीक्षा ती आजही पास होतील.

शिरूर तालुक्यात घोड नदीकाठच्या इनामगावला डेक्कन कॉलेजनं १९६८ पासून बरीच वर्षं खोदकाम केलं. तिथं मडकी भाजायची भट्टी मिळाली, कुंभाराचं म्हणून एक घरही ओळखता आलं. त्याच गावात घराच्या जमिनीखाली लहान मुलांची दफनं आहेत. दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली, आणि आत ते मूल. ती मडकी देताना कुंभारानं काय बोलणं केलं असेल, कोण जाणे.

आता कामाबद्दल थोडं. आपल्याला वाटतं, मडकं चाकावर होतं. चाकावर त्याचा गळा होतो, काठ होतो; पोट तेव्हा जाड आणि बुटकंच असतं. जरा सुकलं की कुंभार ते मांडीशी घेतो. आतून एका हातात गोल गुंडा, बाहेरून दुसऱ्या हातात लाकडी थापटणं. थप, थप, थप. गुंडा आणि थापटणं समोरासमोर आले पाहिजेत, नाहीतर भोकच पडायचं. थापटून थापटून भिंत पातळ होते आणि पोट फुगत जातं. कुंभारवाड्यात दिवसभर ऐकू येतो तो हा आवाज. मातीत मिसळलेली लीद आव्यात जळून जाते आणि बारीक छिद्रं राहतात. पाणी त्यांतून पाझरतं, वाळतं, म्हणून माठ गार. चाळणी होऊ न देता पाझरू द्यायचं, इथं खरी कारागिरी आहे.

या थापटण्यावरून तेरच्या गोरोबाकाकांची गोष्ट आठवलीच असेल. संतमंडळी त्यांच्या घरी जमली होती. मुक्ताबाईनं कोपऱ्यातलं थापटणं बघून विचारलं, "काका, हे काय?" काका म्हणाले, "याने मडकं पक्कं की कच्चं ते कळतं." "मग ही मडकी बघा की!" काकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारलं. सगळे गप्प, नामदेव तेवढे कुरकुरले, आणि ठरले कच्चं मडकं. तिथून ते विसोबा खेचरांकडे गेले.

मला या गोष्टीत नेहमी एक शंका येते. थापटणं चालतं ते ओल्या मडक्यावर. भाजलेल्यावर मारलं तर खापऱ्याच हाती येतील. गोष्ट सांगणारा कुंभारवाड्यात फारसा बसला नसावा. किंवा बसलाही असेल, आणि गुरू कच्च्यालाच थापटतो हे त्याला पक्कं ठाऊक असेल.

कुंभार बारा बलुतेदारांतला. वर्षभर गाडगी, घागरी, परळ, पणत्या घरोघर पोचवायच्या आणि सुगीला खळ्यावर धान्याचा वाटा घ्यायचा. संक्रांतीची सुगडं त्याची, नवरात्रातला घट त्याचा, तिरडीपुढचं मडकंही त्याचंच. आधी जर्मनची भांडी आली, मग स्टील, मग प्लास्टिक. स्वयंपाकघरातून मडकं गेलं, देव्हाऱ्यात आणि स्मशानात मात्र टिकलं. मुंबईत धारावीच्या कुंभारवाड्यात सौराष्ट्रातून आलेली घराणी आहेत. १९३० च्या दशकात शहर वाढलं तसं त्यांना आधीच्या जागेवरून तिथं हलावं लागलं. दिवाळीला मुंबईत ज्या पणत्या लागतात, त्यांतल्या कितीतरी तिथल्या भट्ट्यांतून निघतात.

दुसरा माठ आजच्या भाषणासाठी म्हणून रिकामा ठेवला होता; आता त्यात तुळस लावतो. पहिला इथं स्टुडिओतच ठेवून जातोय. आमच्या ध्वनिमुद्रणवाल्या मंडळींना एवढंच सांगतो, पहिल्या दिवसाचं पाणी ओतून द्या, मातीचा वास येतो. परवापासून प्या.

नमस्कार.