गेहेन्ना आपल्या आत कुठे आहे?

जेरुसलेमच्या जुन्या शहराच्या तटाखाली, दक्षिणेकडे एक दरी आहे, हिन्नोमची दरी. आज बघाल तर गवत, झाडं, उतारावर उघडे खडक, लोक निवांत फिरतात. पण बायबलमध्ये नरकासाठी जो गेहेन्ना शब्द येतो ना, तो या दरीच्याच नावावरून आलाय. इथे कधीकाळी मोलख दैवतासाठी पोटची पोरं आगीतून जायला लावायचे, शेवटी योशिया राजाने ती जागा भ्रष्ट करून टाकली म्हणजे परत कुणी तसं करू नये.

लहानपणी मला न्यायाच्या दिवसाची इतकी भीती वाटायची की दिवा बंद केला की डोळ्यासमोर आगच यायची. मग खूप उशिरा ओरिजेन वाचला, सुरुवातीच्या काळातला ख्रिस्ती धर्मपंडित.

हा इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाचा, जन्म इ.स. १८५ च्या आसपासचा. सतरा वर्षांचाही नव्हता तेव्हा वडिलांना श्रद्धेपायी मारलं, आणि म्हातारपणी रोमन बादशहा डेशियसने केलेल्या ख्रिस्ती लोकांच्या छळात तुरुंगात स्वतःचे हाल झाले. म्हणजे आग, शिक्षा, कोर्ट हे त्याच्यासाठी नुसते शब्द नव्हते. आणि तरी तो बायबलमधल्या यशया संदेष्ट्याच्या पुस्तकातली, ५० व्या अध्यायातली ओळ धरतो, तुम्हीच पेटवलेल्या आगीत चाला, आणि म्हणतो की ही आग आधी कुणी पेटवून ठेवलेली नाही, ज्याची त्याने पेटवलेली आहे, सरपण आपल्याच पापांचं. उदाहरण काय देतो, तर तापाचं! पोटात नको ते नको तितकं गेलं की अंगात ताप भरतो, तसंच मनाचं, साठत जातं साठत जातं आणि एक दिवस आपण केलेलं सगळं आपल्याच डोळ्यासमोर येऊन उभं राहतं. त्याची काही मतं पुढे ५५३ मध्ये चर्चने धिक्कारली, पण हे तापाचं मला अजून सोडत नाही.

आता मत्तयच्या शुभवर्तमानातला, १३ व्या अध्यायातला येशूचा निदणाचा दृष्टांत घ्या. गव्हात उगवणारं हे तण ओंबी येईपर्यंत हुबेहूब गव्हासारखं दिसतं, खाली मुळं मुळांत गुंतलेली, म्हणून मालक म्हणतो आत्ता उपटू नका, सोबत गहूही उपटून येईल. शेत म्हणजे जग, असं तिथेच पुढे सांगितलंय आणि तो अर्थ मला पुसायचा नाहीये, पण तेच शेत मी माझ्या मनावर ठेवून बघते तेव्हा अंगावर काटा येतो. आजारी शेजारणीला डबा नेऊन देताना त्यात माया किती आणि लोकांनी चांगलं म्हणावं ही हाव किती, हे मला त्या क्षणी खरंच सांगता येत नाही, दोन्ही हिरवंगार.

काहीजण म्हणतात असं आतलं वाचन म्हणजे पळवाट. मला उलट वाटतं. बाहेरच्या न्यायाधीशापुढे वकिली तरी करता येते, इथे कुणाला पटवणार?

आणि मत्तय २५ मधला न्यायाचा प्रसंग नीट ऐका. मेंढरं उजवीकडे, शेरडं डावीकडे, एरवी दोघं एकाच कळपात चरलेली. राजा सांगतो मी भुकेला होतो, तहानेला होतो, तुरुंगात होतो. तेव्हा ज्यांनी खाऊ घातलं तेही चकित होतात आणि ज्यांनी नाही घातलं तेही, आणि दोन्ही बाजूंच्या तोंडी एकच प्रश्न येतो: प्रभू, आम्ही तुला कधी पाहिलं?